कलमांखालचं अमृत

देवांच्या गोष्टीत काही खायचं आलं की ते मिळतं कुठे, हे शोधायची मला लहानपणापासून खोड. समुद्र घुसळून अमृत काढलं म्हणतात, म्हणून आचऱ्याच्या किनाऱ्यावर मी लाटांचा फेस चाटून पाहिला होता. खारट निघाला. गरुडाने अमृताचा कलश दर्भावर ठेवला होता, म्हणून परड्यातल्या गवतावरचं दवही चाखलं. जीभ तेवढी कापली. घरात सगळे मला हसत. हसोत बापडे. नुसतं ऐकून गप्प बसणं मला कधी जमलंच नाही.

त्या हिवाळ्यात मात्र माझ्या शोधाला घाई झाली होती. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत चालला होता. भाकरी ती हाताच्या अंदाजाने थापायची. माझं तोंड दोन्ही तळव्यांत धरून अगदी जवळ आणायची, तेव्हा कुठे मी तिला दिसायचे. वडील म्हणाले होते, "यंदा आंबो बरो झालो की तुका डोळ्यांच्या आपरेशनाक मिरजेक नेतलंय." मोहर तर असा आला होता की आंब्याच्या कलमांची पानं दिसेनात. आई अंगणात बसून त्याचा वास घ्यायची आणि एसटीतून आंबोलीचा घाट कसा दिसत असेल, ते मलाच विचारायची. मी तो कधी पाहिला नव्हता, तरी सांगायचे.

मग मळभाचे दिवस आले. समुद्रावरून धुकं चढायचं आणि दुपारपर्यंत कलमांत अडकून राहायचं. एका सकाळी मी त्या धुक्यात शिरले, तर अंगावर बारीक बारीक थेंब पडू लागले. पाऊस नव्हता. खालची पानं तेल लावल्यासारखी चकाकत होती. एक चाटलं. गोड! दुसरं चाटलं, तेही गोड. सगळी बागच गोड झाली होती. वर मोहरात कसली तरी तडतड चालली होती, आभाळात कुणी हळूच चुरमुरे भाजत असावं तशी. मला वाटलं, गरुड आत्ताच इथून गेला. इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

एक पान सांभाळत मी धावत घरी आले. "आये, अमृत! जिभेर घे, डोळे बरे होतले."

आईने पान ओठांना लावलं. मग जिभेवर ठेवलं. तिचं माहेर विजयदुर्गाकडचं, आंब्याच्या बागांतलं.

"खंय गावला ह्या?"

"कलमांखाली."

"एकाच कलमाखाली, काय सगळ्यांखाली?"

"सगळ्यांखाली!" मी नाचत सांगितलं.

तिने ते पान शेवटपर्यंत चाटलं. "गोड आसा गो," म्हणाली, आणि माझे चिकट हात पदराने पुसत राहिली.

दुपारी वडील बागेतून आले ते पायरीवरच बसले. मोहरावर तुडतुडे पडले होते. मोहराचा रस शोषणारे इवले इवले किडे. तो गोडवा त्यांच्याच अंगातून ठिबकत होता. थोड्याच दिवसांत सगळा मोहर काळा पडून गळला. त्या वर्षी मिरजेचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आई आणखी एक वर्ष चाचपडत राहिली. पुढच्या आंब्यावर ती मिरजेला गेली आणि येताना घाट डोळे भरून पाहून आली. मी सांगितला होता तसा तो मुळीच नव्हता म्हणे.

पुढे कॉलेजात असताना वाचलं, की दूरच्या वाळवंटातल्या लोकांनाही देवाने आकाशातून गोड अन्न पाठवलं होतं, आणि ते बहुधा झाडांवरच्या अशाच किड्यांचं असावं. शेवटी माझाच शोध खरा निघाला! सुट्टीत घरी गेल्या गेल्या मी ते आईला सांगितलं. ती चष्मा लावून तांदळातले खडे निवडत होती.

"त्या दिवशीचा ता पण किड्यांचाच," ती म्हणाली. "जिभेर ठेवलंय तेवाच माका कळला. मिरज गेली."

मी विचारलं, "मग थुकलंस कित्याक नाय?"

तिने सूप खाली ठेवलं. "तू अमृत म्हणान आणलंस. थुकतलंय कशी?"