मानपत्रातली पायरी

दारव्ह्याच्या आमच्या शाळेत कोणी मास्तर रिटायर झाला, की मानपत्र लिहायचं काम माझ्याच गळ्यात. "सर, तुमच्या हाताले धार आहे," म्हणायचे अन् मोकळे व्हायचे. धार कसली डोंबलाची! आठवडी बाजारात रद्दीच्या ढिगात मला एका अमेरिकन कथाकाराचं पुस्तक सापडलं होतं. डिक्शनरी घेऊन वाचलं, आवडलेली वाक्यं मराठीत वहीत उतरवली. दर निरोप समारंभाला त्यातलं एक टाकायचो, त्याचं नाव न घेता. चोरीच ती. लोक टाळ्या वाजवायचे, अन् मीही मान तुकवायचो.

एक वाक्य मात्र जपून ठेवलं होतं. थकलेला माणूस घरी पोचूनही जरा वेळ पायरीवर बसतो, कारण आत गेलं की पुन्हा कोणाचं तरी काहीतरी, नवरा नाहीतर बाप, व्हावं लागतं, असं काहीसं. शेवटी तेही खेळाच्या सरांना देऊन टाकलं.

यंदा माझा नंबर लागला. खरं सांगतो, शाल-नारळाची हौस नव्हती. इतकी वर्षं सगळ्यांवर लिहिलं, आता आपल्याकडे कोणीतरी नीट पाहून एक ओळ लिहावी, एवढीच हाव होती. बायकोलाही मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवलं.

नव्या बाई वाचायला उठल्या. "सरांनी कबड्डीचं मैदान गाजवलं..." माझं डोकंच फिरलं. गुडघ्यापायी मला मांडी घालता येत नाही, अन् कबड्डी! बाईंनी फाइलीतून खेळाच्या सरांचं मानपत्र काढून नुसतं नाव बदललं होतं. पोरं फिदीफिदी हसली. पुढे पायरीचं वाक्यही आलंच. जैसी करनी वैसी भरनी, दुसरं काय! शाल पांघरून घेतली अन् नारळ हातात धरला. वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

घरी आलो अन् सवयीनं पायरीवर टेकलो. बायको कुलूप उघडता उघडता थांबली.

"इतके वर्ष मले वाटे, तुमी इथं चपला काढून राह्यले," ती म्हणाली. "बाईनं बरोबर लिहिलं तुमचं."

"माझं कायले लिहिते ते? मीच लिहिलतं दुसऱ्यासाठी. अन् तेबी अमेरिकेतल्या माणसाचं चोरून." सगळं सांगून टाकलं.

ती रागावली नाही. हळूच माझ्या बाजूला बसली.

"मीबी मागच्या दारात बसत होती," ती म्हणाली. "रोज. तुमी आत यायच्या आंधी."