घरात न आणलेली लिली

फुलांच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या त्या बाईला सगळे फुलवालीच म्हणत. तिची एक खोड होती. लिली मागायला कोणी आलं, की गुच्छ बांधायच्या आधी ती विचारायची, "घरात मांजर आहे का?" आहे म्हटलं की लिली मागे आणि गुलाब पुढे. "पान चावलं, फुलदाणीतलं पाणी प्यालं, तरी मूत्रपिंडं निकामी होतात हो!" कोणी हसायचं, कोणी चिडून निघून जायचं, मालक कपाळाला हात लावायचा. तिला फिकीर नव्हती. तिच्या घरी मांजर होतं.

खरं तर मांजर वन्संचं. नवरा वारल्यावर फुलवाली आणि तिची थोरली नणंद अशा दोघीच दोन खोल्यांत उरल्या होत्या, आणि सख्य विळ्या-भोपळ्याचं. भाजीत मीठ कमी पडलं, तरी वहिनीच्या माहेरचा उद्धार करायला वन्संना तेवढं पुरे. वन्संची सगळी माया कापशीवर. पांढरीशुभ्र मांजरी, त्यांच्या उशाशी झोपणारी, त्यांच्याच हातून खाणारी.

सोमवारी सकाळी कापशी तीनदा ओकली आणि पलंगाखाली जाऊन बसली. दोघींनी तिला जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

"घरात झाडं, फुलं काही आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे हो!" वन्सं म्हणाल्या. "आमची वहिनी फुलांच्याच दुकानात आहे, पण लिलीची पाकळीसुद्धा उंबऱ्याच्या आत येऊ देत नाही. अख्ख्या गावाला शहाणं करते ती. काल हिच्या हनुवटीला जरा पिवळं लागलं होतं, तेवढं मी पुसून टाकलं."

फुलवालीला कालचा एप्रन आठवला. लिली विकण्याआधी आतले पराग खुडून टाकतात, नाहीतर कपड्यांना डाग पडतात. दुकानात हे काम तिचं, आणि बोटं पुसायची ती एप्रनला. दर रविवारी तो एप्रन ती धुवायला घरी आणायची आणि आल्याआल्या बादलीत बुडवायची. काल पाठ दुखत होती, म्हणून तसाच टोपलीत टाकला. कापशी दुपारभर त्यावर लोळली होती. मग अंग चाटल्याशिवाय मांजर राहतं होय?

एका वाक्याचं काम होतं. पण इतक्या वर्षांत वन्संनी केलेलं हे पहिलंच कौतुक, तेही परक्या माणसासमोर. बाई मूग गिळून बसली. डॉक्टरीणबाईंनी पोट बिघडल्याचं इंजेक्शन दिलं आणि उद्या पुन्हा आणायला सांगितलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगाच नाही.

दुकानात तिनं मनाची समजूत घातली. लागून लागून पराग कितीसे लागले असतील? वन्संनी पुसलेही होते. पण कोणी लिली मागितली की मांजराचा तो प्रश्न तिला विचारवेना. चार वाजता ती हातातला गुच्छ अर्धवट टाकून घरी धावली.

वन्सं जमिनीवर बसून कापशीला चमच्यानं पाणी पाजत होत्या. पाणी बाहेरच येत होतं.

"वन्सं, उठा, डॉक्टरांकडे चला. माझ्या एप्रनवर लिलीचे पराग होते. मला सकाळीच कळलं होतं."

कापशीला पदरात घेऊन वन्सं पुढे चालू लागल्या.

"सकाळी का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावता लावता एवढंच विचारलं. सलाईन तीन दिवस चाललं. लघवी होणं थांबलं होतं. गुरुवारी दुपारी कापशी गेली.

दवाखान्यातून परतल्यावर वन्सं भिंतीकडे तोंड करून बसल्या. फुलवाली शेजारी बसली, आणि तिला रडू आवरेना.

"शिव्या द्या मला वन्सं, पण बोला काहीतरी."

"काय बोलू?" वन्सं म्हणाल्या. "तू सांगितलंच नसतंस, तर पोट बिघडून गेली असं समजून मी रडले असते आणि मोकळी झाले असते. आता मांजर पण नाही, आणि जिच्यापाशी रडावं ती तू."

फुलवालीनं पदरानं डोळे पुसले.

"उद्या दुकानात जा," वन्सं म्हणाल्या. "दिवसभर तुझं तोंड बघवणार नाही मला." आणि फुलवाली उठून आत जायला निघाली तेव्हा, मान न वळवता, "पण संध्याकाळी उशीर करू नकोस."