एक दाखला आणि दोन कॉलेजं

ही वही मी कोणाला दाखवणार नाही, तरी आधी माफी मागून ठेवते. शुद्धलेखन चौथीत सुटलं ते सुटलंच, आणि अक्षर असं, की चिखलातून कुर्ली तिरकी चालत गेली असं वाटावं. चौथीनंतर मी लिहिल्या त्या फक्त सह्या. रेशनला सही, बचत गटाला सही, गॅसवाल्याला सही. आणि अशाच एका सहीने मी माझ्या लेकीला भरदुपारी, घावण्याच्या पिठाच्या हाताने, नको त्या कॉलेजात घातलं.

लेक म्हणजे निशा. बारावीला चांगले मार्क पडले आणि तिला नर्स व्हायचं होतं. (इंजेक्शन दिसलं की मी डोळे मिटते, ती मोठे करते. माझीच मुलगी, पण दवाखान्यात बदलली असावी!) रत्नागिरीच्या एका नर्सिंग कॉलेजात आगाऊ प्रवेशाची सोय होती. म्हणजे मेरिटची यादी लागायच्या आधीच तुम्ही एक कॉलेज पक्कं करायचं, 'दुसरीकडे कुठेही जाणार नाही' असं हमीपत्र द्यायचं आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला त्यांच्याकडे ठेवायचा. मग जागा तुमची. अशा जागा मोजक्याच, आणि अर्जाची मुदत सोमवारपर्यंत. निशा गुरुवारी फोटो आणि झेरॉक्स काढायला संगमेश्वरला गेली, आणि नेमके त्याच दुपारी विठूभावजी आले.

विठूभावजी माझे चुलत दीर. खेडच्या बाजूला एका कॉलेजात शिपाई आहेत. पण गावात त्यांना शिपाई म्हणून कोण ओळखतं? शिमग्यात पालखीपुढचं निशाण त्यांच्या हातात असतं. देवळात गुरव गाऱ्हाणं घालतो तेव्हा 'व्हय म्हाराजा!' असं सगळ्यात मोठ्याने तेच ओरडतात. त्या आवाजाने देवळातली वटवाघळं दिवसाढवळ्या बाहेर पडतात.

चार घावणे खाऊन झाल्यावर भावजींनी पिशवीतून एक फॉर्म काढला.

"वैनी, आमच्या कॉलेजात पण आगाऊ प्रवेश चालू झालाय. कॉम्प्युटरचा कोर्स. पैला अर्ज आपल्या घरातला पायजे."

"पण भावजी, निशाला नर्सिंग..."

"ती जाऊंदे कुठं जायचाय तिथं! पण पैला मान घरच्या मान्साचा का नाय? मी साहेबांना सांगून आलोय, वैनी माझा शब्द मोडणार नाय म्हणून. अनामत पाच हजार मी भरलीपन खिशातनं. तुमी सावकाश द्या."

आता माझी समजूत काय झाली ते सांगते. आमच्या गावात कुठल्याही कार्यात पहिला नारळ मानकऱ्याचा. तो त्याच्या हातात दिला की मग बाकीच्यांना वाटायचे. मानकऱ्याला नारळ दिला म्हणून बाकीच्यांचे नारळ बंद झाले, असं मी जन्मात पाहिलं नाही! मला वाटलं, फॉर्मचंही तसंच. भावजींचा मान राखू, मग निशा खुशाल रत्नागिरीला जाईल. शिवाय कोणाला तोंडावर नाही म्हणायचं, हे मला आजवर जमलेलं नाही. एकदा तर बोहारणीला नाही म्हणता येईना म्हणून मी धडधाकट साडी देऊन चाळणी घेतली होती.

हात पदराला पुसून मी सही केली. भावजी म्हणाले, "दाखला?" मी तोही दिला. डब्यात घालून दोन घावणेही दिले.

संध्याकाळी निशा आली.

"आई, दाखला कुठाय?"

"भावजींकडे."

"कुठल्या भावजींकडे?"

मी हमीपत्राची प्रत तिच्या हातात दिली. ती वाचता वाचता खालीच बसली.

"आई! यात लिहिलंय की मी दुसऱ्या कुठल्याही कॉलेजात प्रवेश घेणार नाही! तू वाचलंस तरी का?"

"वाचलं ना."

"किती?"

"पहिली ओळ."

"पहिली ओळ कॉलेजच्या नावाची आहे!"

"मग, तेवढी बरोबर होती," मी म्हणाले.

निशाने रडायला सुरुवात केली. मी तिच्या बाबांना फोन लावला. ते मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये आहेत.

"अगो, मग दुसरा दाखला काढ शाळेतून."

"हरवल्याची पोलिसांत तक्रार दिल्याशिवाय देत नाहीत."

"मग दे तक्रार."

"हरवलाय कुठं? भावजींच्या पिशवीत आहे! तुम्हीच मागा ना त्यांच्याकडे. तुमचा भाऊ आहे."

"मागतो. घाबरतो की काय त्याला!"

दहा मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. "केला फोन. विचारलं."

"काय म्हणाले?"

"म्हणाला, यंदा फणस बरे लागलेत."

"आणि दाखला?"

"तिथपर्यंत विषय नाय गेला."

देवाने जोड्या लावताना आमच्या बाबतीत मुळीच कष्ट घेतले नव्हते.

शेवटी शनिवारी पहाटेच्या एसटीने मी आणि निशा खेडला निघालो. वाटभर निशाने माझ्याकडून पाठ करून घेतलं. 'नमस्कार सर. माझ्याकडून चुकून सही झाली. कृपया प्रवेश रद्द करून दाखला परत द्यावा.' तीन वाक्यं! घाटात वळणं लागली तेव्हा पहिलं वाक्य खिडकीतून बाहेर गेलं. (सकाळच्या चहासकट.) उरलेली दोन तोंडात धरून मी कॉलेजात पोचले.

प्रिन्सिपॉलसाहेबांच्या दारात स्टुलावर भावजी. खाकी कपडे, चेहरा गंभीर.

"वैनी? तुमी? हितं?"

"साहेबांना भेटायचंय," निशा म्हणाली.

"मला सांगा की काय ता."

मी जमिनीकडे बघत राहिले. निशाने मला ढकलत आत नेलं आणि भावजी पाण्याचा ट्रे घेऊन मागोमाग आत शिरले.

साहेब पोक्त माणूस. चष्मा खाली करून म्हणाले, "बोला बाई."

मी तोंड उघडलं. आत काहीही नव्हतं! दोन वाक्यांपैकी एकही जागेवर नव्हतं. निशाने कोपर मारलं. साहेब वाट बघत होते. माझे डोळे आपोआप मिटले, हात जोडले गेले आणि लहानपणापासून देवळात जे ऐकलं तेच तोंडातून बाहेर पडलं, तेही गुरवाच्या चालीत:

"बा म्हाराजा! आज ही तुजी लेकरं तुज्या दारात उभी हायत..."

"व्हय म्हाराजा!" मागून गर्जना झाली. ट्रेमधले ग्लास वाजले. भावजींना तरी दोष कसा द्यायचा? चाळीस वर्षांची सवय!

आता थांबणं माझ्या हातात राहिलं नव्हतं.

"मानापायी जी काय चुकीची सही झाली आसंल, ती पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!"

"पोरीला नर्स व्हायचाय, तिच्या वाटंतला काय आडवा आला आसंल ता दूर कर..."

"व्हय म्हाराजा!!"

"आनि तिचा मूळ दाखला तिला परत दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हा..."

भावजी थांबले. पण उशीर झाला होता. ऑफिसातले कारकून दारात गोळा झाले होते, त्यांच्यापैकी दोघांनी उरलेलं 'राजा' पूर्ण करून टाकलं.

मी डोळे उघडले. साहेब रुमालाने चष्मा पुसत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. "विठोबा," ते म्हणाले, "अर्ज तुम्हीच आणलात. परत द्यायलाही तुम्हीच हो म्हणताय. मग मी मध्ये कोण?"

गाऱ्हाण्याला दिलेला होकार मागे घेतलेला आमच्या गावात कोणी ऐकलेला नाही. भावजी ट्रेमधलं साहेबांचं पाणी स्वतःच प्यायले.

साहेब म्हणाले, "मुलीची सही अजून झालेली नाही, त्यामुळे प्रवेश रद्द करता येईल. अनामत मात्र नियमाप्रमाणे परत मिळत नाही."

निशाने रद्द करायचा अर्ज लिहिला. या वेळी मी प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचला. पंधरा मिनिटं लागली. कारकुनाने तेवढ्यात चहा पिऊन घेतला.

सोमवारी रत्नागिरीला दाखला जमा झाला आणि निशाची जागा पक्की झाली. खिडकीतल्या बाईंनी हमीपत्र पुढे केलं, तेव्हा निशाने पेन माझ्या हातात द्यायच्या आधी विचारलं, "आई, आणखी कोणाचा मान राहिलाय का?"

भावजींनी मात्र अबोला धरला. आमच्या दारावरून जाताना आकाशाकडे बघून चालायचे. एकदा तर तसेच आमच्या अंगणाच्या दगडी गडग्यावर आपटले. त्यांचे पाच हजार माझ्यामुळे बुडाले होते, ते मला गिळलेल्या काट्यासारखे टोचत होते. मे महिन्यात केलेली फणसपोळी आणि आमसुलं मी गणपतीला आलेल्या मुंबईकरांना विकली, आणि पाच हजार पुरे जमले.

पण ते हातात कसे द्यायचे? समोरासमोर 'हे घ्या पैसे' म्हणायचं म्हणजे परत तीन वाक्यं आली! घरात एक कोरं पाकीट सापडलं. त्यात नोटा घातल्या, भावजींच्या ओटीवर पाटाखाली ठेवलं आणि पळत घरी आले. तासाभराने भावजी आमच्या अंगणात, पाकीट उंच धरून हसत उभे.

"वैनी, लग्न कोणाचा हाय वो?"

पाकीट आहेराचं होतं. वर रुपयाचं नाणं चिकटवलेलं, ते घाईत माझ्या लक्षातच आलं नव्हतं! भावजींचे पैसे पुरते फिटले, अबोलाही सुटला. फक्त एक रुपया त्यांच्याकडे जास्तीचा गेला आहे, आणि तो परत मागायला मला तोंड नाही.