बाबांचा सपाट चमचा

आणीबाणी उठली त्या वर्षी बाबांचं जेवण तुटलं. ते मूळचे उमरेडचे विणकर, नागपूरला येऊन कापडाच्या गिरणीत लागलेले. दिवसभर मागावर उभा राहणारा माणूस, पण आता दोन घासांत मळमळायचं, घराच्या तीन पायऱ्यांवर धाप लागायची. आई म्हणायची, पित्त आहे. तिनं मिरची बंद केली, तरी फरक पडेना. शेवटी दवाखान्यात रक्त तपासलं, तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या बऱ्याच निकामी झाल्यात.

डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळ्या लिहिल्या आणि खाली खायचा सोडा.

"किडनी आम्ल बाहेर टाकत नाही, ते रक्तात साठतं," त्यांनी मला समजावलं. "सोड्यानं ते कमी होईल. अर्धा चमचा, सपाट, पाण्यातून दोनदा. यानं किडनी सुधारणार नाही, पण त्यांना बरं वाटेल. मीठ मात्र तोडा."

बाहेर येताच बाबा हसले. "भज्यात टाकाचा सोडा मले देऊन राहिला हा डॉक्टर!"

पण महिन्याभरात मळमळ थांबली. ते अख्खी भाकर खाऊ लागले, सकाळी कोपऱ्यापर्यंत फिरून येऊ लागले. आईच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मीही पुन्हा कॉलेजात नीट लक्ष देऊ लागले.

मग एक दिवस त्यांच्या पायात चप्पल जाईना. मी घोट्यावर बोट दाबलं, तर खड्डा तसाच राहिला. आईनं सोड्याचा डबा उघडला. आठवड्यापूर्वी भरलेला, आता तळाशी आला होता.

"किती घेता जी तुम्ही?" तिनं विचारलं.

बाबा खाली पाहत राहिले. "दिवसातून चार डाव. चमचा भरून."

"काहून पण?"

"अर्ध्या चमच्यानं इतकं बरं वाटलं. म्हटलं, जास्त घेतला तं लवकर कामावर जाईन."

आई रागावणार होती, पण तिनं नुसतं डब्याचं झाकण लावलं. तो माणूस गिरणीत परतायच्या आशेवर होता, हे आम्हा दोघींना त्या क्षणापर्यंत कळलंच नव्हतं.

आम्ही त्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी सोडा काही दिवस थांबवला. "सोड्यातही मिठासारखंच सोडियम असतं, त्यानं अंगात पाणी धरतं," ते म्हणाले. सूज उतरल्यावर, रक्त पुन्हा तपासून, त्यांनी तो कमी मापानं सुरू केला. बाबांनी मग विचारलं, "मागावर कधी जाऊ साहेब?" डॉक्टरांनी खरं ते सांगितलं, की आता गिरणीतलं काम होणार नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवस बाबा सकाळी फिरायलाही गेले नाहीत. पुढे शेजारच्या पोरींना तुटलेल्या धाग्याला गाठी मारायला, रिळावर सूत भरायला शिकवू लागले, आणि त्यात रमले.

ते आणखी चार वर्षं जगले. माझं लग्न त्यांनी पाहिलं. माझी मुलगी दोन महिन्यांची असताना तिला घेऊन ते सकाळभर ओट्यावर बसायचे, आणि मी घ्यायला गेले की म्हणायचे, "थांब वं, आताच झोपली."