पोटातल्या पाण्याची तपासणी

चंद्रपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत रोज कितीतरी माणसं येतात, पण मूल गावाकडचा तो मासेमार माझ्या लक्षात राहिला. नाव विचारायचं राहूनच गेलं. त्याच्या गरोदर बायकोच्या अंगावर तिसऱ्या महिन्यात पुरळ उठलं होतं आणि तो रुबेला निघाला. हा विषाणू बाळापर्यंत पोचला तर त्याचे डोळे, हृदय अधू होऊ शकतं. म्हणून सहाव्या महिन्यात डॉक्टरांनी सुईने थोडं गर्भजल काढून आमच्याकडे तपासायला दिलं.

निकालाची वाट पाहत तो रोज दाराबाहेर चपला काढून उभा असायचा. दार उघडलं की खांद्यावरचा दुपट्टा हातात घ्यायचा. एकदा हळूच म्हणाला, "बाई, पाणी काढलं तं लेकराले कमी नाई पडन?"

"नाही भाऊ, ते पुन्हा भरतं."

"आमचं तळं उन्हाळ्यात आटते, म्हून इचारलं." तो ओशाळून हसला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी तपासणी पूर्ण झाली. गर्भजलात विषाणू नव्हता. डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. बायको बाहेर बाकावर बसली होती.

"जा, सांगा त्यांना," मी म्हणाले.

"आधी लेकराले सांगतो. तपासणी त्याचीच होती न."

इतकी वर्षं मी नमुन्याच्या नळीवर आईचं नाव लिहीत आले होते; हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

तो खरंच बायकोसमोर उकिडवा बसला आणि तिच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणाला, "काई नाई निंगालं रे लेकरा. आरामात ये." बायको पदरात तोंड लपवून हसत होती, आणि तो अजून बोलतच होता.