तांक्रेदोचा वाटा
एनेरिया माझी थोरली बहीण. इगे गावात आमच्या गल्लीतला एकही माणूस तिच्या दारातून रिकाम्या हाताने गेलेला नाही. बारसं असो, वाढदिवस असो, नाहीतर मयताचा नववा दिवस, उठता उठता पाहुण्याच्या हातात ती झाकलेलं ताट कोंबणारच. घरी राहिलेल्या माणसाचा वाटा तो. आमच्यात रीतच आहे, नको म्हणाल तर शिव्या खाल. आणि अन्नाला नावं ठेवलेली तिला खपत नाहीत. नवरा तांक्रेदो एकदा भात कच्चा म्हणाला, तर आठवडाभर बाईने अबोला धरला होता!

त्या तांक्रेदोला आता लकवा झालाय. घास घशाखाली उतरत नाही. पण त्या मंगळवारी स्वतःहून म्हणाला, "एनेरिया, बोकडाचं मटण आण गं तिथलं. खावंसं वाटतंय."

तिथलं म्हणजे किनाऱ्यावरच्या हॉटेलातलं. त्यांची लेक युदेल्का तिथे वाढायचं काम करते, तिच्यावरच घर चालतं. वर्षातून एकदा कामगारांच्या घरच्यांना बुफेला बोलावतात. तिथे रोज एकेका देशाचं जेवण. बुधवारी मेक्सिकोची रात्र, गुरुवारी इटलीची. आम्ही गेलो ती मंगळवारची, डॉमिनिकन रात्र, म्हणजे आमच्याच देशाची.

शी! आठवलं तरी किळस येते. पुठ्ठ्याची झोपडी, तिच्यावर प्लास्टिकची केळी. वाढणाऱ्या आमच्या पोरी फुगीर घागऱ्यांत. आपल्याच मुलखात आपलंच सोंग! आमचा सांकोचो म्हणजे मटणाचा, कंदांचा दाट रस्सा; तिथे त्या नावाने ठेवलेलं होतं ते भांडी धुतलेलं पाणी. परदेशी पाहुणे ताटं शिगोशीग भरायचे, दोन घास चिवडायचे आणि उठायचे. गच्चीवरच्या टेबलावर एका बाईने मटणात सिगारेट विझवली आणि दुसरं ताट आणायला गेली.

एनेरिया मात्र मुकाट्याने जेवली. मग पर्समधून घरून आणलेला फॉइलचा कागद काढला, मटण वाढून घेतलं, पुडी बांधली. लपूनछपून नाही हं, राजरोस. वर आचाऱ्याला आशीर्वाद दिला.

दारात पहारेकऱ्याने पर्स उघडायला लावली. मॅनेजर धावत आला. "अन्न बाहेर न्यायचं नाही. ही चोरी आहे."

"चोरी कसली, बाळा?" एनेरिया त्याला समजावू लागली. "घरी माणूस आहे माझा. त्याचा वाटा आहे हा."

त्याने युदेल्काला बोलावलं. "तुझी आई ना? नोकरी टिकवायची असेल तर तूच टाक हे."

बाजूला उष्ट्याचा पिंप तुडुंब भरला होता. पोरगी पुडी हातात धरून उभी.

"मेल्या, तिकडे मटणात सिगारेट विझवतात, ते दिसत नाही होय रे तुला?" मी ओरडले. एनेरियाने माझा दंड दाबला.

"टाक, पोरी," ती म्हणाली.

युदेल्काने टाकली.

घरी तांक्रेदो उशीला टेकून बसलेला. शेजारणीकडून गळ्याशी रुमाल बांधून घेतला होता त्याने. संध्याकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"आणलंस?"

एनेरियाने रुमालाची गाठ सोडली. "नाही रे. घाण होतं. वास मारत होता नुसता."

त्याने चांगला हात तिच्या हातावर ठेवला.

"एनेरिया, कोण काय बोललं तुला?"