दुपारचा कप्पा

रहिमतपुरातल्या आमच्या आळीला भिंतीवरच्या घड्याळाची फारशी गरज कधी पडली नाही. नाथाजी हवालदारांच्या घरातनं भैरव सुरू झाला की म्हशीची धार काढायची, तोडी लागली की पोरांना शाळेला हाकलायचं, मारव्याला जनावरं दारात घ्यायची आणि बागेश्री लागली की आळीनं आपापली भांडणं आवरून निजायचं. नाथाजी पलटणीत सिग्नलला होते. वायरलेसवर कान ठेवता ठेवता कुठल्याशा छावणीत एका बंगाली मेजरच्या संगतीत त्यांना शास्त्रीय गाण्याचा नाद लागला. बाकीचे फौजी पेन्शनीत येताना रमच्या बाटल्या आणतात. हे ट्रंकभर कॅसेट घेऊन उतरले. आळी त्यांच्यावर पहिल्यांदा रुसली ती तेव्हा.

त्या कॅसेटसाठी त्यांनी सागवानी कपाट करून घेतलं, काचेच्या दारांचं. सकाळ, दुपार, सांज, रात्र असे कप्पे. आणि निवडीचा नियम असा की एका रागाला एकच कॅसेट. कऱ्हाडच्या जुन्या बाजारातनं नाहीतर मिरजेच्या ओळखीपाळखीतनं दुसरा यमन हाती आला, की दोन्ही यमन समोरासमोर बसवायचे, आठवडाभर ऐकायचे आणि एकाला घरात ठेवून दुसऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवायचा. हरलेली कॅसेट शेजारच्या मानसिंगकडं जायची. मानसिंग तिच्या पोटातली चकचकीत फीत ओढून काढायचा आणि पाखरं येऊ नयेत म्हणून शाळवाच्या रानात काठ्यांना बांधायचा. एका वर्षी त्याच्या शाळवावर दरबारी फडफडत होता. "आबा, तुमच्या बुवाला चिमण्या लय भितात," असं तो सांगायचा, आणि नाथाजी दोन-दोन दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत.

वेळेच्या बाबतीत तर हवालदार जास्तच कडक. कुणी सहज म्हटलं, सकाळी तो रात्रीचा लावा की, फार गोड होता, तर नाथाजी भुवया वर करून विचारायचे, "पीटीच्या बनेलवर कुनी परेडला जातंय का?"

या सगळ्यात मनुबाई कुठं होत्या, हे आळीनं कधी विचारलं नाही. नाथाजींनीही नाही. भैरवाच्या वेळी त्या गोठ्यात असत. तोडीला भाकरी. मारव्याला पुन्हा गोठा, पुन्हा चूल. बागेश्रीला डोळ्यांवर झापड. नवरा पलटणीत असताना ऊस त्यांनीच सांभाळला होता आणि तो आल्यावरही सांभाळायचं काही थांबलं नाही. दिवसात त्यांना पाठ टेकायला वेळ मिळायचा तो दुपारची जेवणं झाल्यावर, उन्हं कलेपर्यंत. तेव्हा त्या सोप्यात भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसायच्या, सुपाचा आवाजही न करता. कारण ती हवालदारांची झोपायची वेळ, आणि त्या वेळी घरात पान हललेलं त्यांना चालत नसे.

यंदा संक्रांत झाली आणि मनुबाईंच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू गेली, बोलणं जड झालं. दवाखान्यातनं आणल्यावर त्यांची खाट सोप्यातच टाकली, कपाटाच्या समोर. सून अंकिता त्यांचं सगळं करायची. नाथाजींना वाटलं, चला, आता ही निवांत ऐकेल. आयुष्यभर धावपळीत राहून गेलं ते आता होईल. त्यांनी डेक खाटेजवळ ओढला आणि ड्युटी सुरू केली.

पण गोळ्यांच्या गुंगीत मनुबाई भैरवाला झोपलेल्या असायच्या. तोडीला अंकिता त्यांचं अंग पुसायची. मारव्याला भेटायला आलेली माणसं, त्यांचा चहा, त्यांचे उसासे. बागेश्रीला परत गोळी. टक्क जाग्या असायच्या त्या भर दुपारी. आणि एका दुपारी त्यांनी जड जिभेनं हाक मारली, "आवं. झोपलासा?"

नाथाजी दचकून जागे झाले.

"लावा की कायतरी," मनुबाई म्हणाल्या. "आयकू वाटतंय."

इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदा मागितलं होतं. नाथाजी घाईनं उठले, कपाट उघडलं आणि दुपारच्या कप्प्यापुढं नुसते उभे राहिले. सकाळचा कप्पा गच्च होता. सांजेचा गच्च. रात्रीच्या कप्प्यात तर आडव्या घालून बसवलेल्या. दुपारच्या कप्प्यात बॅटरीचे सेल, डेक पुसायचं स्पिरिट, डांबराच्या गोळ्या आणि पलटणीचा जुना पट्टा. ज्या वेळी स्वतः झोपायचं, त्या वेळेचं गाणं त्यांनी कशाला निवडावं? निवडलंच नव्हतं. एक सारंग होता कधीकाळी. तो आवाजाला पातळ म्हणून मानसिंगच्या रानात गेला होता.

"काय झालं?"

"दुपारचं न्हाई काय आपल्याकडं," नाथाजी म्हणाले.

मनुबाई जरा वेळ कपाटाकडं बघत राहिल्या. मग तोंडाच्या चालत्या बाजूनं हसल्या. "ऱ्हाऊ द्या मग. माजं काय आडलंय."

अंकितानं मोबाइलवर शोधून सारंग लावला. आलाप जरा कुठं रुजत होता तोवर मध्येच एक बाई सिमेंटची जाहिरात करायला लागली. मनुबाईंना हसू आवरेना आणि त्यांना ठसका लागला. नाथाजींनी मोबाइल बंद करायला लावला. "बाजारचं नको. मी आनतो चांगला," ते म्हणाले. खरं तर तोडी लावली असती तरी मनुबाईंचं मन भरलं असतं. आळीत हे सगळ्यांना कळत होतं. कळत नव्हतं ते फक्त ज्याला रागातलं कळतं त्याला.

सांगलीच्या गावभागात भाऊसो म्हणून एक जुने शौकीन होते. त्यांच्याकडं पिढीजात रेकॉर्डी आणि कॅसेट होत्या. महापुरात खालचे खण नदीनं धुऊन नेले, वरचे वाचले. त्या धसक्यानं भाऊसोंनी उरलेलं सगळं ऐकणाऱ्यांना वाटून टाकायला काढलं होतं. नाथाजींनी सकाळची गाडी धरली. निघताना खाटेपाशी वाकून म्हणाले, "दुपारच्या आत आलोच."

भाऊसोंच्या माडीवर अजून चिखलाचा वास होता. कॅसेटच्या खोक्यांवर पाण्याच्या रेघा उमटलेल्या. भाऊसोंनी तीन सारंग काढून पुढ्यात ठेवले आणि म्हणाले, "तिन्ही न्या हो. माझ्या पोराला ह्या खोलीत त्याचं व्यायामाचं सामान लावायचंय."

"तिन्ही नको. एक," नाथाजी म्हणाले.

"एकच का?"

"आमच्यात एकच."

भाऊसोंनी हात जोडले आणि मशीन लावलं. पहिला सारंग मोठ्या बुवांचा, मैफलीतला. नाथाजींनी शेवटपर्यंत ऐकला. दुसरा रेडिओवरचा, आखीव, कुठं डाग नाही. तोही शेवटपर्यंत. खाली भाऊसोंच्या घरी पानं वाढली, नाथाजींना आग्रह झाला, ते दोन घास खाऊन पुन्हा वर आले. तिसरा कुणा बाईंचा. कुणाच्या तरी घरात बसून केलेलं ध्वनिमुद्रण. गाणं चाललेलं असताना मागं स्वयंपाकघरात भांडी वाजत होती. नाथाजींच्या नियमाप्रमाणं तो पहिल्या फेरीतच बाद व्हायला हवा होता.

"वहिनींना कसं आवडतं?" भाऊसोंनी विचारलं. "ठाय, अगदी संथ, का जरा चालतं?"

नाथाजी म्हणाले, "तिला सगळंच चालतं."

"चालतं हो. आवडतं काय?"

नाथाजींनी मशीनकडं बोट दाखवलं. दुसऱ्या सारंगाचा पहिला भाग त्यांनी परत लावायला सांगितला. मग तिसऱ्याचा. इतक्या कॅसेट आयुष्यात निवडल्या, पण दुसऱ्याच्या कानानं एकही निवडली नव्हती, आणि तो दुसरा कान कसा असतो याचा त्यांना पत्ता नव्हता. तिसरा सारंग परत वाजताना मागं कुठंतरी ताटली घरंगळली, आणि गाणाऱ्या बाई गाता गाता किंचित हसल्यासारख्या झाल्या. आधी हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. नाथाजींनी हात वर केला. "ह्योच द्या."

तोवर दुपारची गाडी केव्हाच गेली होती.

ते घरी पोचले तेव्हा आळीत दिवे लागत होते. मनुबाईंनी अंकिताकडनं केस विंचरून घेतले होते, तोंड धुऊन घेतलं होतं, पाठीशी उशा लावून बसल्या होत्या. मानसिंग शेजारी स्टुलावर बसून त्यांना कायबाय सांगून हसवत होता.

"आलं बघा काकी तुमचं गिऱ्हाइक," मानसिंग म्हणाला. "घावला का आबा?"

"घावला," नाथाजी म्हणाले. त्यांनी रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली, खाटेवर मनुबाईंच्या चालत्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून बघितली, अंगठ्यानं पुसली आणि परत त्यांच्यापुढं धरली.

"लावा," मनुबाई म्हणाल्या.

नाथाजींनी कॅसेट घेतली. दाराबाहेर बघितलं. तुळशीपुढं दिवा लागला होता.

"आता न्हाई," ते म्हणाले. "सारंग हाय ह्यो, मनू. उन्हातला. आता लावला तर त्याची गोडी जाईल. उद्या जेवनं झाली की निवांत लावतो. मी झोपत न्हाई उद्या."

"आवं आबा, लावा की," मानसिंग म्हणाला. "काकी सकाळधरनं वाट बघायल्यात. सूर्य काय तक्रार करत न्हाई."

"तुला न्हाई कळायचं त्यातलं."

"मला न्हाई कळत. काकींला ऐकायचं हाय, येवढं कळतंय."

नाथाजींनी मनुबाईंकडं बघितलं. त्या मानसिंगलाच म्हणाल्या, "आसू दे रं बाबा. उद्या तर उद्या." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पाठीमागची उशी काढायला त्यांनी अंकिताला खुणावलं. नाथाजींनी मारवा लावला. दुपारच्या कप्प्यातला पट्टा, सेल, गोळ्या सगळं बाहेर काढलं, फडकं मारलं आणि स्वच्छ कप्प्यात ती एकटी कॅसेट उभी केली. मनुबाई आढ्याकडं बघत पडल्या होत्या.

पहाटे भैरव लावायला नाथाजी उठले, तर मनुबाईंचा श्वास घरघरत होता. डोळे उघडे आणि त्या डोळ्यांत कुणी नाही. मानसिंगनं गाडी काढली. कऱ्हाडच्या डॉक्टरांनी जे करायचं ते केलं. आठवड्यानं म्हणाले, आता घरी न्या. नाथाजींनी एकच विचारलं, "आयकू येतं का तिला?"

डॉक्टर म्हणाले, "येत असेलही. सांगता येत नाही. बोटं वगैरे हलतील, पण ती आपोआप हलतात. त्यावर आशा ठेवू नका."

घरी आल्यावर पहिल्या दुपारी, जेवणं झाल्यावर, नाथाजींनी सारंग लावला. न झोपता बसले. गाणं सुरू झालं, ताटली घरंगळली, बाई हसल्या. मनुबाई तशाच. तो संपल्यावर नाथाजींनी दुसरी कॅसेट काढली नाही. तोच परत लावला. उन्हं कलली तरी तो चालूच होता, आणि दिवे लागले तरी.

दुसऱ्या दिवशी पहाटे आळीतल्या बायका धारेला उठल्या आणि दारात थबकल्या. भैरव नव्हता. अंधारात सारंग चालला होता. मग तोडीला सारंग, मारव्याला सारंग. पोरं शाळेला उशिरा गेली. एरवी असल्या गोष्टीवर आळी महिनाभर जगली असती. पण नाथाजींच्या दारावरून जाताना आता जो तो खाली मान घालून जायचा. मानसिंगनं तर एक दिवस रानातल्या सगळ्या फिती सोडून आणल्या आणि उकिरड्यावर टाकल्या. बायकोनं विचारलं तर म्हणाला, चकचक डोळ्याला लागतीय.

संध्याकाळी तो हवालदारांकडं जाऊन बसायचा. कधी शेजारणीही बसायच्या. सारंग चालू असायचा, विलंबित एकताल, संथ, बारा मात्रांचं एक आवर्तन म्हणजे हाताला कंटाळा येईल एवढं लांब. अशाच एका दिवेलागणीला अंकिता दिवा घेऊन आली आणि खाटेपाशी थांबली.

"आबा," ती हळूच म्हणाली. "बघा की. आई ताल धरत्यात."

सगळे वाकून बघायला लागले. चादरीवर मनुबाईंच्या उजव्या हाताची तर्जनी उठत होती, टेकत होती. थांबत होती, परत उठत होती. एका शेजारणीनं पदर डोळ्याला लावला. "आयकत्यात गं बाई," ती म्हणाली. "समदं आयकत्यात."

नाथाजींनी बघितलं. सम आली आणि गेली, बोट गप्प होतं. मग मधेच, कुठल्याच मात्रेवर नाही अशा जागी, ते दोनदा उठलं. पुढचं आवर्तनही त्यांनी पूर्ण मोजलं. तेही तसंच. त्या खोलीत एवढं कळणारं दुसरं कुणी नव्हतं. मानसिंग मात्र बोटाकडं न बघता त्यांच्या तोंडाकडं बघत होता.

"व्हय का वो, आबा?" त्यानं विचारलं.

अंकिता दिवा धरून तशीच उभी होती.

"व्हय," नाथाजी म्हणाले. "बराबर धरलाय तिनं."

त्यांनी खुर्ची खाटेजवळ ओढली. मग तबल्याच्या मात्रा मोजायच्या सोडून दिल्या, आणि बोट उठेल तेव्हा मान हलवत बसले.